हजेरीची नोटीस
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत परकीय व्यक्तीच्या हद्दपारीची न्यायालयीन कार्यवाही ज्या दस्तऐवजाने सुरू होते, तो दस्तऐवज. १९९६ च्या कायद्याने पूर्वीच्या 'कारणे दाखवा' आदेशाच्या जागी तो आला. हा हद्दपारीचा हुकूम नव्हे. ते केवळ आरोपपत्र होय. मात्र भीतीपोटी सुनावणीस गैरहजर राहिल्यास अनुपस्थितीतच हुकूम होऊ शकतो.

नोटिशीत तीन चौकटी असतात : सरहद्दीवर येऊन प्रवेश मागणारा, रीतसर प्रवेशाविना देशात असलेला व प्रवेश मिळूनही हद्दपारीस पात्र ठरलेला. वरवर क्षुल्लक भासणाऱ्या या खुणेवर पुराव्याचा भार अवलंबून असतो. तिसऱ्या वर्गात शासनाला आपला आरोप स्पष्ट व खात्रीलायक पुराव्याने सिद्ध करावा लागतो. दुसऱ्यात परकीयत्व सिद्ध होताच भार त्या व्यक्तीवर येतो. व्हिसाची मुदत उलटलेल्या विद्यार्थ्याच्या नोटिशीत दुसऱ्या चौकटीत खूण असेल, तर ती चूक प्रारंभीच निदर्शनास आणावी लागते. पुढे वस्तुस्थितीविषयी क्रमांकित विधाने व आरोपांची कलमे येतात. मान्य केलेले विधान सहसा पुन्हा सिद्ध करावे लागत नाही.

सुनावणीच्या तारखेऐवजी 'नंतर कळविण्यात येईल' असे लिहिण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. वेळ व स्थळ एकाच दस्तऐवजात नसल्यास हद्दपारी रद्द होण्यासाठी आवश्यक अशा १० वर्षांच्या सलग वास्तव्याची गणना थांबत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ व २०२१ च्या निर्णयांवरून ठरले. तथापि नंतरच्या सूचनेवर आधारलेला अनुपस्थितीतील हुकूम २०२४ मध्ये वैध ठरला. पत्ता बदलल्यास तो ५ दिवसांत न्यायालयास कळवावा लागतो. वकील नेमता येतो, परंतु शासकीय खर्चाने नव्हे.