स्टुडिओ डिस्प्ले : पहिल्या ग्राहकांचा अनुभव

अ‍ॅपलने मार्च २०२२मध्ये हा २७ इंची मॉनिटर बाजारात आणला. भारतातली तेव्हाची सुरुवातीची किंमत १,५९,९०० रुपये होती. ५१२० × २८८० पिक्सेलच्या पडद्यावरची अक्षरे छापल्यासारखी रेखीव दिसतात, सहा स्पीकरचा आवाजही भरदार. याबाबत ग्राहकांनी मनापासून दाद दिली.

नाराजी उमटली ती कॅमेऱ्यावरून. आत आयफोन ११मधली ए१३ चिप आणि १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा असूनही व्हिडिओ कॉलवर चेहरा फिकट, दाणेदार दिसे. कारण असे, की कॅमेऱ्याची लेन्स अतिरुंद कोनाची आहे. बोलणाऱ्याला चौकटीच्या मध्यभागी ठेवण्यासाठी त्या चित्राचा तुकडा कापून मोठा केला जातो आणि त्यात बारकावे हरवतात. कंपनीने काही आठवड्यांत सॉफ्टवेअर सुधारून दिले. रंग-उठाव थोडा सुधारला, पण लेन्स तीच राहिली. पुढे आवाज अडखळण्याच्या तक्रारी आल्या, त्यावरही ऑगस्टमध्ये अपडेट आले.

उंची कमी-जास्त करणाऱ्या स्टँडसाठी वेगळे पैसे घेणे मात्र या किमतीत मुळीच पटत नाही. शिवाय स्टँड नंतर घरी बदलता येत नाही. एचडीएमआय पोर्ट नाही, रिफ्रेश रेट ६० हर्ट्झच.

घेणारच असाल, तर स्टँडचा निर्णय ऑर्डर देण्यापूर्वी पक्का करा आणि दुकानात कॅमेरा स्वतः चालवून पाहा.