भांग, सीबीडी आणि पोट

भावप्रकाशात भांगेला ‘ग्राहिणी’ म्हटले आहे, म्हणजे मळ बांधणारी. ग्रहणीवरच्या जातीफलादि चूर्णातही ती पडते. मग त्याच वनस्पतीतील सीबीडीच्या थेंबांनी जुलाब कसे व्हावेत? प्रश्न रास्त आहे.

भांग हे अनेक द्रव्यांचे मिश्रण. तिच्यातील नशा आणणारे टीएचसी आतड्यांची हालचाल मंद करते. सीबीडी हे द्रव्य निराळे. अमेरिकेत २०१८ साली अपस्माराच्या दोन दुर्धर प्रकारांवर शुद्ध सीबीडीच्या औषधास मान्यता मिळाली. त्याच्या चाचण्यांत जुलाब, ओकारी आणि मंदावलेली भूक वारंवार आढळली. मात्र तेथे मात्रा वजनाच्या दर किलोस रोज १० ते २० मिलिग्रॅम, म्हणजे चांगलीच मोठी होती. बाजारातल्या थेंबांतून एवढे सहसा पोटात जात नाही. अशा वेळी पोट बिघडवणारे पुष्कळदा बाटलीतले तेलच असते, असे आम्हांस वाटते. शिवाय लेबलावर तरी किती विसंबावे? २०१७ साली तेथे तपासलेल्या ८४ मालांपैकी जेमतेम २६ लेबलाशी जुळले! तुपातेलाच्या जेवणाबरोबर घेतलेले सीबीडी उपाशीपोटीपेक्षा चार-पाच पट अधिक रक्तात उतरते, ते वेगळेच.

जुलाब निदान कळतात तरी. यकृताचे तसे नाही. फेपऱ्यासाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्याने सीबीडी घेतल्यास यकृताची एन्झाइमे वाढण्याचा धोका बळावतो, आणि ते रक्त तपासल्यावाचून समजत नाही. ‘झाडपाल्याचेच तर आहे’ म्हणून ही बाटली डॉक्टरांना न दाखवणारे आम्ही पाहतो. गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर तीही न्यावी.