बांगड्याची वेळ पेटीवर लिहा



बुधवारी डिचोलीच्या बाजारात थोडा वेळ उभं राहून बघा. गिऱ्हाईक भाव विचारायच्या आधी बांगडा उचलतं, कल्ला उघडतं, पोटावर अंगठा दाबतं. खड्डा लगेच भरला तर पिशवी उघडते. नाही भरला तर "बाय, हा कालचा दिसता" म्हणून पुढच्या पाटीकडे. बाय काय सांगणार? तिनं तो पहाटे म्हापशाला घेतला. म्हापशाला तो केरी-हरमलच्या बाजूनं आला. किनाऱ्यावर किती वाजता उतरला, बर्फात कधी पडला, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. बोलणी तिनं खायची, आणि चार दिवसांनी भाव आपला पडायचा.

असं बेभरवशाचं गणित किती महाग पडतं ते आपण २०१८ साली बघितलंय. १२ जुलैला मडगावच्या घाऊक बाजारात एफडीएच्या पहिल्या चाचणीत फॉर्मेलिन असल्याचं कळलं, मग प्रमाण मर्यादेत असल्याचं सांगितलं, आणि त्या दोन बातम्यांच्या मध्ये लोकांचा विश्वास उडाला. १८ जुलैला सरकारनं बाहेरच्या मासळीवर पंधरा दिवसांची बंदी घातली. तेव्हा आपली मासेमारी बंदीच चालू होती, म्हणजे त्या मासळीशी आपला संबंध नव्हता. तरी ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या तेव्हा गिऱ्हाईक आपल्याच बांगड्याला नाक लावून हुंगत होतं. आपला मासा स्वच्छ होता, पण ते दाखवायला हातात कागद नव्हता. नंतर बाहेरच्या गाड्यांना इन्सुलेटेड पेटी आणि एफडीएची नोंदणी लागू लागली. पत्रादेवीच्या नाक्यावर सिंधुदुर्गातल्या आपल्याच जातभाईंच्या छोट्या गाड्यांना त्याचा जाच झाला, तो वेगळा विषय.

कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेनं त्याच वर्षी कागदी पट्टीचं किट आणलं होतं. पट्टी माशावर घासायची, थेंब टाकायचा, रंग बघायचा. दोन-चार मिनिटांत फॉर्मेलिन किंवा अमोनिया कळतो. चांगली वस्तू आहे. पण मासा किती तासांचा आणि कसा सांभाळला, हे ती पट्टी सांगत नाही.

मग ताजेपणा मोजायचा कसा? डोळा फुगीर आहे की खोल गेलाय, कल्ला लाल की तपकिरी, कातडीला चकाकी आहे का, वास कसा. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात याच गोष्टींना गुण द्यायची पद्धत बसवली. एकदम ताज्याला शून्य, जसा उतरेल तसे गुण वाढत जातात. आपल्या बाजारातल्या बायका हेच पिढ्यान्‌पिढ्या करतात, फक्त लिहून ठेवत नाहीत.

पण बांगडा, तारली, कुपा यांच्या बाबतीत डोळा फसतो, आणि हे प्रत्येक होडीवाल्यानं नीट समजून घ्यावं. या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा पदार्थ भरपूर असतो. मासा उन्हात राहिला की कल्ल्यातले आणि आतड्यातले जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगाला खाज सुटते. लोक म्हणतात "मासळी बाधली". एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून जात नाही, फ्रीझरमध्ये टाकूनही नाही. आणि मासा दिसायला ठीकठाक असू शकतो! म्हणजे सकाळी दोन तास उघड्या क्रेटमध्ये तापलेला बांगडा दुपारी बर्फात घातला, तर तो थंड होईल, पण झालेलं नुकसान भरून निघणार नाही.

आता बर्फाचा हिशोब. दहा किलो मासळी तीस अंशांवरून शून्यावर आणायलाच साधारण तीन किलो बर्फ वितळतो. उरलेला बर्फ बाहेरून येणाऱ्या उष्णतेशी झुंजतो. म्हणून आपल्या हवेत माशाच्या वजनाइतका बर्फ, असं सांगतात. उघड्या प्लास्टिकच्या क्रेटमधून पिकअपनं अस्नोड्यामार्गे डिचोलीला जायचं तर तेवढाही कमी पडेल; जाड झाकणाच्या पेटीत तोच बर्फ पुरतो. आपल्यातले कित्येक जण वरून दोन फावडी टाकतात, खालची मासळी तशीच गरम. खाली एक थर, मध्ये थर, वर थर. पेटीच्या तळाला पाणी निघायला भोक हवंच, वितळलेल्या घाण पाण्यात मासा बसता कामा नये. पटकन गार करायचं तर होडीवरच दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी अशा घोळात टाका. पाणी बाहेरचं घ्या, चापोरा-तेरेखोलच्या मुखातलं नको.

बर्फाला पैसे पडतात, हे आम्हाला सांगायला नको. पण हेही बघा. शून्य अंशाच्या मानानं पाच अंशाला मासळी दुपटीहून थोड्या जास्त वेगानं उतरते आणि दहा अंशाला चौपट. म्हणजे दहा अंशावर सहा तास काढले की बर्फातला एक अख्खा दिवस गेला. रापणीचा मासा वाळूवर वाटे पडेपर्यंत पडून राहतो, तेव्हा तर दहा अंशही नसतात. वाटे ठरवताना भांडायला हरकत नाही, पण आधी बर्फ टाकून मग भांडा.

थर्मामीटर सळईचा घ्या, काचेचा नको, फुटला तर पेटी वाया. टोक पाठीच्या जाड मांसात खुपसायचं, बर्फात नाही, नाहीतर बर्फाचंच तापमान कळेल.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक पेटीवर चिकटपट्टी लावा आणि न पुसणाऱ्या मार्करनं तीनच गोष्टी लिहा: जाळं किती वाजता ओढलं, बर्फ किती वाजता पडला, आणि किनारा सोडताना मांसाचं तापमान किती. म्हापशाला पेटी फुटली तरी ती पट्टी पुढच्या पाटीबरोबर द्या. डिचोलीच्या बायला "हा कधीचा?" असं कुणी विचारलं की तिनं पट्टी दाखवावी.

सुरुवात बांगड्यापासून करू, विसवण नंतर. पहिल्या आठवड्याच्या पट्ट्यांचे फोटो इथे खाली टाका, आकडा वाईट असला तरी टाका. बर्फ आणि मासा यांच्यामध्ये कुणाचा किती वेळ गेला, ते एकदा सगळ्यांना बघू द्या.