उंच जीपची पायरी

पारनेर तालुक्याच्या पठारावर डांबरी सडक सोडून एखाद्या वस्तीकडे वळलात, की वाटेचे रूप पालटते. बैलगाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात. मधला उंचवटा तसाच राहतो आणि त्यातून जागोजाग काळा खडक डोके वर काढतो. साधी मोटार अशा ठिकाणी पोटावर टेकते आणि तिची चाके जागच्या जागी गरगरत राहतात. म्हणून काही लोक आपली जीप उंच करून घेतात. जीप मग खडकावरून सहज जाते. पण आजींना दवाखान्यात न्यायची वेळ आली, की त्या दाराशी येऊन थबकतात. ‘अरे, यात चढायचं कसं?’

या प्रश्नाचे उत्तर ‘एक पायरी लावा’ एवढेच वाटेल. पण ती कोठे लावायची, कशाला लावायची आणि खडकाळ वाटेवर तिचे काय करायचे, हे ठरवताना तुमच्या पुस्तकातली तरफ आडवी येते.

प्रथम जीप उंच कशी होते ते पाहू. एक मार्ग म्हणजे आस आणि सांगाडा यांच्यामधल्या स्प्रिंगा उंच करणे. दुसरा, मोठी चाके बसवणे. मौज अशी की, पहिल्या मार्गाने सांगाडा वर जातो, आस मात्र होता तेथेच राहतो. मागच्या आसाच्या मध्यावर दंतचक्रांचा जो गोल डबा दिसतो (त्याला डिफरन्शियल म्हणतात), तो बहुतेक जीपगाड्यांत जमिनीच्या सर्वांत जवळ असतो. तो वर न्यायचा तर मोठ्या चाकांवाचून गत्यंतर नाही. आणि चाकाचा व्यास 10 सेंमी वाढला, तर आस 5 सेंमीच वर जातो. असे का, ते तुम्हीच सांगा. गाडी उंच झाली, की तिचा गुरुत्वमध्यही वर जातो आणि ती उतारावर लवकर कलंडू शकते. शिवाय नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीवाचून करण्यास मोटार वाहन कायदा, 1988 (कलम 52) मनाई करतो. तेव्हा हे काम मनाला येईल तसे करण्याचे नव्हे.

समजा, जीपचा तळ 60 सेंमीवर होता, तो आता 75 सेंमीवर गेला. तुमच्या शाळेच्या जिन्याची एक पायरी मोजा. ती साधारणपणे 15 ते 18 सेंमी भरेल. म्हणजे आजींना चार-पाच पायऱ्या एका दमात चढायच्या आहेत! मध्ये 40 सेंमीवर एक पायरी दिली, तर 40 आणि 35 असे दोन टप्पे होतात. जिन्याइतके सोपे नाही, पण दाराच्या कडीला धरून चढता येईल असे.

आता ती लावायची कशाला? गाडीची पत्र्याची पेटी पातळ असते आणि ती रबराच्या बैठकींवर बसवलेली असते. खरा भार पेलते ती खालची पोलादी चौकट, म्हणजे चासी. पण चासी दाराच्या कडेपासून बरीच आत असते. पाय ठेवायची जागा चासीपासून 45 सेंमी बाहेर आली असे धरा. तेथे 60 किलोग्रॅम वजनाची व्यक्ती उभी राहिली, तर वजन गुणिले अंतर, म्हणजेच परिबल, 60 × 45 = 2700 किग्रॅ-सेंमी झाले. पायरीचा धारक चासीच्या उभ्या बाजूला दोन बोल्टांनी आवळला आहे आणि वरचा बोल्ट धारकाच्या खालच्या टेकूपासून 10 सेंमी वर आहे, असे समजा. त्या बोल्टावर 2700 ÷ 10 = 270 किग्रॅ इतकी ओढ बसते. माणूस 60 किलोचा आणि ओढ 270 किलोची! हेच अंतर 15 सेंमी केले, की ओढ 180 वर येते. बोल्ट जाड करण्याआधी धारक उंच करणे शहाणपणाचे, ते यामुळे.

हे बोटांना कळावे म्हणून एक प्रयोग करा. 30 सेंमीची लाकडी पट्टी घ्या आणि तिच्या एका टोकाला अर्धा किलो वजनाची पिशवी अडकवा. दुसऱ्या टोकावर अंगठा वरून दाबून धरा आणि 10 सेंमीच्या खुणेखाली तर्जनीचा टेकू द्या. पट्टी आडवी ठेवायला अंगठ्याला एक किलोचा जोर लावावा लागेल. आता तर्जनी 5 सेंमीच्या खुणेवर आणा. अंगठ्याला अडीच किलो जोर हवा! पट्टीचे स्वतःचे वजन यात धरलेले नाही.

घोड्यावर बसणाऱ्याला ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. रिकिबीत पाय घालून अंग वर उचलताना खोगीर एका बाजूला फिरू पाहते. त्याला आवरतो तो पोटाखालचा तंग. तंग ढिला असेल तर स्वार खोगिरासकट खाली! जीपच्या पायरीचे बोल्ट म्हणजे हा तंगच होय.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरली पाहिजे. पायरीवर पूर्ण भार एकदम टाकला, तर ती शांतपणे उभ्या असलेल्या माणसाच्या मानाने दुप्पट वाकते. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना हे सिद्ध करता येईल: वजनाने केलेले कार्य Wx आणि स्प्रिंगेत साठलेली ऊर्जा ½kx² यांचे समीकरण मांडा; x = 2W/k येईल. आपले 270 किलो अशा रीतीने 540 होतात.

चासीला भोक पाडायचेच असेल, तर कोठे? तुळई वाकते तेव्हा तिचा वरचा काठ दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. मध्यावर जवळजवळ काहीच होत नाही. म्हणून वरच्या वा खालच्या काठाला छिद्र पाडणे घातक असते. उभ्या बाजूच्या मधल्या भागात ते त्यामानाने निर्धोक असते. त्याहून बरे म्हणजे कारखान्याने आधीच ठेवलेली भोके वापरणे.

आता पुन्हा खडकाळ वाटेवर येऊ. जीपच्या पुढच्या व मागच्या चाकांत 240 सेंमी अंतर आहे आणि मध्ये पोटाखाली 45 सेंमी मोकळी जागा आहे, असे धरा. चाकांची गोलाई सोडून दिली, तर ही जीप दोन्ही बाजू मिळून सुमारे 41 अंशांचा उंचवटा ओलांडू शकते. पायरी लटकवली आणि तिचा तळ 35 सेंमीवर आला, की हा कोन साडेबत्तीस अंशांवर येतो. इतका खर्च करून मिळवलेली उंची पायरीने निम्मीशिम्मी खाल्ली! शिवाय चाकोरीच्या काठावर पायरी टेकली, तर तिच्यावर 60 किलो नव्हे, तर जीपचाच काही शे किलो भार खालून येतो. धारक वर वाकतो, पत्रा चेपतो आणि दार उघडेनासे होते. पायरी काढता-घालता यायला हवी ती याचसाठी.

त्याचे उपाय अनेक आहेत. पट्ट्याने टांगलेली पायरी खडकाला लागली तरी तुटत नाही. पण पाय तिरका रेटताच ती गाडीखाली सरकते आणि वयस्क माणूस घाबरतो. बिजागरीवर दुमडणारी पायरी चांगली, मात्र बिजागरीत पठारावरचा चिखल वाळला की ती हटून बसते. मला सर्वांत पसंत आहे ती चौकोनी नळीत चौकोनी दांडा सरकवून आडवी पिन घालण्याची रीत. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना अशीच पिन घालतात, ती तुम्ही पाहिली असेल. येथे सर्वांना धास्ती पिन तुटण्याची वाटते. वास्तविक 12 मिलिमीटर जाडीची पोलादी पिन दोन ठिकाणी कातरली जाण्यापूर्वी दोन टनांहून अधिक भार सहज पेलते. दगा देते ते भोक. दांडा नळीत सैल असेल, तर प्रत्येक पावलागणिक तो हलतो, भोक झिजून लांबट होते आणि सांध्याच्या कोपऱ्यात वेल्डिंगला बारीक तडा जातो. म्हणून पायरी बसवल्यावर तिला हाताने वरखाली हलवून पाहावे. खडखड ऐकू आली तर आजींना तीवर चढवू नये. नळीच्या तळाला एक छिद्रही ठेवावे, नाहीतर पाणी साचून दांडा गंजतो आणि पायरी काढता येत नाही.

आणि गाडीत ठेवलेल्या लाकडी स्टुलाला कमी लेखू नका. त्याचा सगळा भार सरळ जमिनीवर जातो, चासीवर परिबल शून्य! मात्र जमीन सपाट हवी, आणि आजी वर बसल्यावर स्टूल उचलून आत ठेवायला कोणीतरी खाली हवे.

पायरी कितीही भक्कम असली, तरी चालत्या गाडीत तीवर उभे राहायचे नाही. त्याच कायद्याचे कलम 123 ते मना करते. त्यामागचे कारण तुम्हांला आता स्वतःच मांडता येईल: चौघे जण एका बाजूच्या पायरीवर लोंबकळले, तर गाडीचा गुरुत्वमध्य कोणत्या दिशेला सरकेल?