परदेशी गोदीतील काम : सुरक्षिततेची पूर्वतयारी

कोल्हापुरात शाहूपुरीजवळच्या शिवाजी उद्यमनगरातील ओतकाम करणाऱ्या कारागिरास वाळूची धूळ परिचित आहे. परदेशी गोदीत जहाजाच्या तळावरील गंज व जुना रंग वाळूच्या माऱ्याने काढल्यास हीच धूळ उडते. तिच्यातील सिलिकामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. म्हणूनच ओतीव वस्तू अशा रीतीने साफ करण्यास ब्रिटनने १९४९ मध्ये बंदी घातली. जुन्या रंगात शिसे अथवा कथिलाची विषारी संयुगेही असू शकतात. बंदिस्त टाकीत प्राणवायू मोजल्याविना उतरणे प्राणघातक ठरते. यास्तव वाळूऐवजी कोणता पदार्थ वापरणार, श्वसनसाधने, हवेची तपासणी व वैद्यकीय उपचार यांची जबाबदारी कोणाची, हे करारापूर्वीच लेखी घ्यावे. भरती एजंटाची नोंदणी १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने आवश्यक ठरविली. ती पडताळून पाहण्यास शिक्षक व पंचायत सदस्यांनी कारागिरास साहाय्य करावे.