काचेला बोट कळलं तेव्हा

घरात काकडी असेल तर एक गंमत करून बघा. आधी फोनच्या स्क्रीनवर नखाने टकटक करा. फोन ढिम्म. पेन्सिलीचं मागचं टोक टेकवा, हवं तर जोर लावून दाबा, तरी ढिम्म. आता काकडीचा बोटाएवढा तुकडा हातात धरा आणि त्याचं ओलं टोक हलकेच काचेवर टेकवा. चिन्हं उघडतात, फोटो सरकतात. काचेने काकडीला बोट मानलेलं असतं!

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा कोशिंबीर बाजूलाच राहिली. अर्धा तास मी ओट्यावरची एकेक वस्तू फोनसमोर उभी करत होते. सोललेलं केळं चाललं. लाटणं चाललं नाही, प्लॅस्टिकची पट्टीही नाही. हळूहळू नियम उमगला. जे वीज वाहू देतं आणि माझ्या हाताशी जोडलेलं आहे, ते काचेच्या लेखी बोट. बाकी सगळं परकं.

बोटाची ही पारख खिशात येऊन बसली त्याला आता बराच काळ लोटला. २९ जून २००७ रोजी अमेरिकेत अ‍ॅपलचा पहिला आयफोन विक्रीला आला. एलजीचा प्राडा हा फोन बोट ओळखण्यात त्याच्या जरासा आधी होता, हे मान्य करायलाच हवं. पण अख्ख्या यंत्राची रचना माणसाच्या बोटाभोवती करायची, बोटाच्या सगळ्या उणिवांसकट, हा ध्यास मला दिसतो तो त्या पहिल्या आयफोनमध्ये. साडेतीन इंचांची स्क्रीन, १३५ ग्रॅम वजन, समोरच्या बाजूला एकच गोल बटण. अंकांची बटणं नाहीत, टोचायला काडी नाही. म्हणजे जे काही करायचं ते बोटानेच.

काचेला बोट कळतं कसं? काचेखाली अतिशय पातळ, पारदर्शक विद्युतवाहक रेषांची जाळी असते. एका थरात आडव्या रेषा, दुसऱ्या थरात उभ्या. त्या बऱ्याचदा इंडियम टिन ऑक्साइडच्या असतात. वीज वाहून नेणारा आणि तरीही आरपार दिसणारा असा हा विलक्षण पदार्थ. आडव्या आणि उभ्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या नसतात, पण जिथे त्या एकमेकींवरून जातात तिथे त्यांच्यामध्ये एक छोटंसं विद्युतक्षेत्र तयार होतं. आपलं शरीर म्हणजे बरंचसं खारट पाणी, म्हणून ते वीज वाहू देतं. बोट जवळ आलं की त्या क्षेत्राचा थोडा भाग बोटाकडे वळतो आणि त्या छेदबिंदूवरचा संकेत किंचित उतरतो. फोन अशा प्रत्येक छेदबिंदूची सेकंदाला कित्येकदा पाहणी करतो आणि कुठे किती उतार पडला याचा नकाशा मांडतो. दोन बोटं टेकली तर नकाशात दोन खळगे. म्हणूनच दोन बोटांची चिमटी उघडली की फोटो मोठा होतो. स्पर्श हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, पण खरं तर त्या रेषांना आपण कधीच शिवत नाही. मध्ये काच असते. काचेपलीकडे कुणीतरी आल्याची त्यांना चाहूल लागते, एवढंच.

ही कल्पना मात्र २००७ ची नाही. ब्रिटनमधल्या माल्व्हर्न इथल्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली बोटाने चालणाऱ्या पडद्याविषयी लिहिलं होतं. डोळ्यांपुढे होतं विमानांच्या वाहतूक नियंत्रणाचं काम. पुढे सत्तरच्या दशकात जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत बेंट स्टुंपे आणि फ्रँक बेक यांनी नव्या प्रचंड कणत्वरकाच्या नियंत्रण कक्षासाठी असे पडदे घडवले. हजारो बटणांची भिंत उभारायची नव्हती म्हणून. आणि मला सगळ्यात जवळची वाटते ती वेन वेस्टरमन यांची गोष्ट. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात पीएचडी करताना टाइप करून करून त्यांचे हात दुखायचे. बटणं दाबावीच लागू नयेत म्हणून अनेक बोटांचा हलका स्पर्श ओळखणाऱ्या पृष्ठभागावर त्यांनी काम केलं. त्यांनी आणि जॉन एलियस यांनी काढलेली फिंगरवर्क्स ही छोटी कंपनी २००५ मध्ये अ‍ॅपलने घेतली. दुखऱ्या हातांनी शोधलेली ही हलक्या स्पर्शाची वाट आहे.

टचस्क्रीनचे फोन आधीही होते. आयबीएमचा सायमन १९९४ मध्ये अमेरिकेत विकायला आला. जवळपास अर्ध्या किलोचा, करड्या पडद्याचा, फॅक्स आणि ईमेल पाठवणारा. मला त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे, कारण आज आपण फोनकडून जे मागतो त्यातलं कितीतरी त्याने तेव्हाच करून पाहिलं होतं. पण त्याच्या पडद्याला दाब कळायचा. दोन पापुद्रे, मध्ये पोकळी. वरचा दबून खालच्याला टेकला की स्पर्श झाला. अशा पडद्याला काडी, नख, पेनचं टोपण सगळं सारखंच. त्याच्यासोबत काडी दिलेली असायची, आणि काडीचं टोक बारीक असतं. बारीक टोकाला बारीक चिन्हं चालतात.

बोटाचं तसं नाही. बोट जाडं, गोलसर, मऊ, आणि वर अपारदर्शक! जिथे टेकवायचं नेमकी तीच जागा ते झाकून टाकतं. पहिल्या आयफोनची स्क्रीन उभी धरली की रुंदीला ३२० ठिपके, इंचाला १६३. इंग्रजी कीबोर्डच्या वरच्या ओळीत दहा अक्षरं. म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला जेमतेम ५ मिलिमीटर. आपल्या अंगठ्याकडे एकदा बघा. एका अक्षरावर टेकवला तर तो शेजारच्या दोघांवरही पसरणार. हा पेच कागदावर सुटण्यासारखा नाहीच.

अ‍ॅपलच्या लोकांनाही तो सुटेना. २००५ मध्ये एक वेळ अशी आली की पडद्यावरचा सगळा कारभार लिहिणाऱ्या त्या छोट्या तुकडीला हातातली बाकीची कामं थांबवून फक्त कीबोर्डवर बसवलं गेलं. त्यातल्या केन कोसिएंडा यांचा कीबोर्ड निवडला गेला. पुढे त्यांनी या दिवसांवर पुस्तकच लिहिलं. त्या कीबोर्डमधली युक्ती कळली तेव्हा मी क्षणभर फोन खाली ठेवून नुसती बघत राहिले. तुम्ही ‘टी’ आणि ‘एच’ टाइप केलंत की इंग्रजीत पुढे ‘ई’ येण्याची शक्यता फार मोठी. मग फोन ‘ई’च्या भोवतालची जागा गुपचूप वाढवतो. पडद्यावर सगळी अक्षरं तेवढीच दिसतात, पण न दिसणाऱ्या सीमा दर अक्षरागणिक सरकत असतात. बांध रोज रात्री हलावा आणि सकाळी शेत होतं तसंच दिसावं, असा हा प्रकार. एवढं करूनही चूक झालीच तर फोन शब्दकोशात शोधतो, की ही अक्षरं आणि त्यांच्या शेजारची अक्षरं मिळून कोणता शब्द बनत असेल. बोट नेमकं नसतं हे आधीच धरून चाललेलं यंत्र आहे हे. आणि दाबलेलं अक्षर बोटाखाली झाकलं जातं, म्हणून ते बोटाच्या वर फुग्यासारखं मोठं होऊन दिसतं.

याहून सूक्ष्म गोष्ट पुढेच आहे. बोट टेकवताना आपण पाहत असतो बोटाचं टोक, पण काचेला टेकतो तो त्याच्या जरा खालचा मांसल भाग. आपल्या मनातली जागा आणि काचेला कळलेली जागा यांत थोडं अंतर पडतं. आयफोन हे अंतर हिशेबात धरून स्पर्शाचा बिंदू किंचित वर सरकवतो. म्हणजे तो तुम्ही कुठे टेकलात यापेक्षा तुम्हाला कुठे टेकायचं होतं याला जास्त महत्त्व देतो. फोन उलटा धरून टाइप करून बघा, चुका लगेच वाढतील.

चिन्हांचा आकारसुद्धा बोटानेच ठरवला. तुकडीतल्या स्कॉट हर्झ यांनी एक छोटा खेळ लिहिला. पडद्यावर लहानमोठे चौकोन येत राहायचे आणि सहकाऱ्यांनी त्यांवर टिचकी मारायची. कितपत मोठा चौकोन असला की नेम चुकत नाही? उत्तर आलं ५७ ठिपके. त्या स्क्रीनवर साधारण ९ मिलिमीटर. पहिल्या आयफोनवरची चिन्हं तेवढीच होती.

आता यादी सरकवणं. बोटाने झटका दिला की नावांची यादी सुटते, वेगाने पळते आणि हळूहळू मंदावते, जणू तिला वजन आहे. शेवटाला पोचली की टोकापलीकडे थोडी ताणली जाते आणि रबरासारखी परत येते. हे बास ऑर्डिंग या डिझायनरचं काम. त्याआधी अडचण अशी होती की यादी टोकाला पोचून थांबली की फोनच अडकला असं वाटायचं. त्या ताणाने यंत्र सांगतं, तुझं बोट मला कळलंय, फक्त इथे पुढे काही नाही. हा रबरी ताण आधी एका टॅबलेटच्या नमुन्यावर पाहून अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांच्या मनात आलं की याचा फोन करता येईल. टॅबलेट मागे पडला, फोन पुढे आला.

काचेला कातडी कळू लागल्यावर नवा प्रश्न उभा राहिला. कातडी फक्त बोटालाच असते का? फोन कानाला लावला की गालही काचेला टेकतो, आणि गालाने कॉल बंद व्हायचा! म्हणून स्क्रीनच्या वर, कानाच्या बाजूला, अदृश्य अवरक्त प्रकाश सोडणारा एक सेन्सर बसवला. समोर गाल आला की प्रकाश परत उसळतो, आणि फोन स्क्रीन विझवून स्पर्शाकडे दुर्लक्ष करतो. खिशात असताना भलताच स्पर्श होऊ नये म्हणून कुलूप उघडायला टिचकी पुरत नसे. बोट सरळ रेषेत उजवीकडे ओढावं लागे. चुकून इतकी नीट रेघ सहसा ओढली जात नाही.

उरली काच. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जॉब्स यांनी फोन जगाला दाखवला तेव्हा त्याचा पडदा प्लॅस्टिकचा होता. खिशात किल्ल्या असतात आणि प्लॅस्टिकवर ओरखडे उठतात. विक्रीला जेमतेम दहा-बारा दिवस उरले असताना अ‍ॅपलने जाहीर केलं की पडदा काचेचा असेल. ती काच कॉर्निंग कंपनीने केंटकी राज्यातल्या हॅरड्सबर्गच्या कारखान्यात बनवली. साठच्या दशकात कॉर्निंगच्या संशोधकांनी मजबूत काचेची एक रीत शोधली होती, पण पुरेसं गिऱ्हाईक न मिळाल्याने ती पडून होती. तीच विद्या आता कामी आली. काच सुमारे ४०० अंश सेल्सियसला वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे लहान आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन शिरतात. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर बारीक माणूस बसलेला असावा, तो उतरावा आणि त्याच जागी धिप्पाड गृहस्थ येऊन बसावेत. मुंबईच्या लोकलमध्ये हे रोज घडतं. सगळे एकमेकांना असे घट्ट दाबून धरतात की मध्ये बोटसुद्धा शिरत नाही. काचेचा पृष्ठभागही असाच दाबाखाली असतो, आणि भेगेला उघडायला जागा मिळत नाही.

त्या फोनमध्ये नसलेल्या गोष्टींची यादी लांब आहे. थ्रीजी नव्हतं, व्हिडिओ काढता येत नव्हता, मजकूर इथून उचलून तिथे चिकटवता येत नव्हता, नवी अ‍ॅप्स घेता येत नव्हती. ती पुढे एकेक करून आली. भारतात हा पहिला नमुना अधिकृतपणे आलाच नाही. २२ ऑगस्ट २००८ रोजी त्याचा धाकटा भाऊ आयफोन थ्रीजी आला, ३१,००० रुपयांपासून पुढे. आपल्या बहुतेकांच्या हातात तेव्हा रबरी बटणांचा फोन होता आणि एका अक्षरासाठी अंगठा तीन-तीनदा आपटत होता. बोट ओळखणारी काच घरोघरी पोचायला आणखी काही वर्षं गेली. तोवर ती कितीतरी कंपन्यांच्या फोनांवर आली होती.

माझ्या मामांकडे ती बरीच उशिरा आली. त्यांचा सगळा जन्म शेतात गेला, तर्जनीवर खुरप्याच्या मुठीने पडलेले घट्टे. ते फोनवर बोट ठेवायचे आणि काही व्हायचं नाही. घट्ट्याची कोरडी, जाड कातडी वीज नीट वाहू देत नाही. काचेपलीकडच्या रेषांना चाहूलच लागत नाही. “अगं, हा मला ओळखतच नाही,” मामा म्हणाले. मग त्यांनी बाजारात नोटा मोजताना करायचे तसंच केलं. बोट जिभेला लावलं आणि काचेवर टेकवलं. नातीचा फोटो उघडला. मी शेजारी बसून चिमटी कशी उघडायची ते दाखवलं. त्यांनी अंगठा आणि तर्जनी दोन्ही ओली केली, आणि तिचा चेहरा स्क्रीनभर होईपर्यंत बोटं पसरत नेली.