बसऱ्याला गेलेल्या पोराचा शोध



एरवी मी तुमच्याशी बियाणे, खते आणि कीड यांविषयी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. पण तोही घराशी आणि जमिनीशी बांधलेलाच आहे. "आमच्या पणज्याचा एक भाऊ पलटणीत गेला, तो परत आलाच नाही," असे बोलणे तुमच्या घरात कधी निघते का? सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत ते निघते.

आमच्याही घरी निघे. पणजोबांचा धाकटा भाऊ, नुकती मिसरूड फुटलेला, लग्न न झालेला. पहिल्या महायुद्धात तो बसऱ्याला गेला. पुढे काय झाले ते कोणी नीट सांगत नसे. भावकीत मात्र म्हणत, "पळाला तो. तिकडंच घर केलं त्यानं." बांधावरून भांडण झाले की हेच तोंडावर येई : "पळपुट्याचं घराणं!" माझ्या आजोबांनी हे शब्द खाली मान घालून ऐकलेले मी लहानपणी पाहिले आहेत.

चार वर्षांपूर्वी जुने घर उतरविताना तुपाच्या बरणीवरचे झाकण माझ्या हाती आले. जाड, गोल तबकडी. रुंदी सुमारे १२ सेंटिमीटर. तीन पिढ्यांनी राखेने आणि चिंचेने घासून ती गुळगुळीत केलेली. उन्हात तिरपी धरली, तेव्हा एक उभी बाई, एक सिंह आणि उठावाची इंग्रजी अक्षरे दिसली. त्या अक्षरांत धाकट्या पणजोबांचे नाव होते!

पहिल्या महायुद्धात जे मेले, त्यांच्या घरच्यांना इंग्रज सरकारने अशा तबकड्या पाठविल्या होत्या. पळालेल्या शिपायाच्या घरी ही तबकडी येत नसे. म्हणजे आमचा पोर पळाला नव्हता. त्याचा पुरावा आम्ही शंभर वर्षे तुपावर झाकून ठेवला होता.

पण तबकडीवर नुसते नाव असते. हुद्दा नाही, पलटण नाही. त्या नावाची माणसे गावोगाव सापडतील. म्हणून मी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार पाहिले. खापरपणजोबांच्या मृत्यूनंतरची वारस नोंद मोडीत होती. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी ती वाचून दाखविली : धाकटा मुलगा लढाईत मयत, पोरबाळ नाही. त्या कागदावरच आमची जमीन चालत आली होती. वाचला मात्र कोणी नव्हता.

तिसरा धागा राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत मिळाला. १९१७ साली स्थापन झालेल्या या आयोगाची यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते. पुष्कळ हिंदी शिपायांच्या नोंदीत बापाचे नाव, गाव आणि तालुकाही असतो. आमची नोंद जुळली : ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री, सन १९१६, बसरा स्मारक.

११० वी म्हणजे काय, हे इतिहास सांगतो. १९१५ च्या डिसेंबरात तुर्कांनी कुत-अल-अमारा या गावाला वेढा घातला. आत सहावी पुणे डिव्हिजन अडकली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. जवळजवळ पाच महिने वेढा चालला. धान्य संपत आले, घोडी कापून खाण्याची वेळ आली. कितीतरी हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस तोंडात घातले नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. कैद्यांना रणरणत्या वाळवंटातून पायी चालविले. उपासाने आणि रोगाने वाटेतच पुष्कळ गेले. बसऱ्याचे स्मारक ज्यांची कबर ठाऊक नाही अशांसाठी आहे, आणि ही संख्या ४० हजारांवर आहे. १९९७ मध्ये ते मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेले.

तुम्ही शोध कसा घ्याल?

१) प्रथम घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि सांगतील तसे वहीत उतरवा. पूर्ण नाव, बापाचे नाव, तेव्हाचे गाव व तालुका हवेत.

२) देवघर, फडताळ, जुन्या पेट्या पाहा. पदक सापडल्यास त्याची कड भिंगाखाली धरा. तेथे बहुधा नंबर, नाव व पलटण कोरलेली असते. पदक चिंचेने घासू नका, अक्षरे झिजतात.

३) जुने फेरफार आणि कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहा. मोडी असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या.

४) यादीत शोधताना इंग्रजी स्पेलिंग चार-पाच प्रकारे लिहून पाहा. साहेबाच्या कारकुनाने कानाला लागेल तसे लिहिले आहे. नाव जुळले म्हणून हुरळू नका. बाप आणि गाव जुळले तरच आपला माणूस समजा.

५) पलटणींचे क्रमांक १९२२ मध्ये बदलले. ११० वी ही पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. क्रमांक जुना की नवा, हे आधी ठरवा.

६) गावच्या चावडीवर, शाळेवर संगमरवरी पाटी आहे का पाहा. या गावातून लढाईला किती गेले व किती मेले, हे पुष्कळ ठिकाणी कोरलेले आहे.

गेल्या सर्वपित्री अमावास्येला आम्ही भावकी बोलावली. मी फेरफार वाचला, यादीतली नोंद वाचली आणि तबकडी पाटावर ठेवली. एके काळी सर्वांत मोठ्याने "पळपुटा" म्हणणारे चुलते आता नव्वदीला टेकले आहेत. ते काठी टेकीत उठले, तबकडीला हात लावून तो कपाळी नेला आणि परत जागेवर जाऊन बसले. कोणी काही बोलले नाही. मग पंगत बसली, आणि एक पान त्या पोराच्या नावाने वाढले गेले.

हे पाहायला माझे आजोबा मात्र नव्हते. म्हणून सांगतो, मंडळी, उशीर करू नका. आज रात्री जेवणे झाली की आजीजवळ वही घेऊन बसा.